इंदूर–पुणे, दारापासून दारापर्यंत: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून नवी वही. सर्व्हेच्या नोकरीत छत्तीस वर्षं फील्ड बुक जसं ठेवलं तसंच हेही ठेवायचं. शाईनं लिहायचं, चुकलं तर खोडायचं नाही, आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि तारीख टाकायची.

काम असं: आमच्या मंडळाच्या वाचनालयात, दाराशेजारच्या फळ्यावर लावायला एक तक्ता करायचा. इंदूरहून पुणे, मुंबई, नागपूर आणि दिल्ली. विमानतळ ते विमानतळ अंतर, विमान हवेत किती वेळ, आणि घरून निघाल्यापासून समोरच्या घरी पोहोचेपर्यंत एकूण किती वेळ. शेवटचा रकाना सगळ्यांत मोठ्या अक्षरात.

कारण इथेच लिहून ठेवतो, नाहीतर पुढे आकड्यांत हरवून जाईल. नोव्हेंबरात पुण्याला आत्या गेली. सकाळी सहाला ताईचा फोन आला. मी सांगितलं, "दुपारी एक दहाचं थेट विमान आहे, सव्वा तास लागतो." ताईनं त्यावरून हिशोब केला की अडीचपर्यंत उतरतील, तीन-साडेतीनला येतील. वैकुंठ स्मशानभूमीतली वेळ त्याप्रमाणे साडेतीनची ठरली. विमान अर्धा तास उशिरा सुटलं, सामान यायला वेळ लागला, लोहगावहून शहरात यायला वेळ लागला. त्यांनी साडेचारपर्यंत वाट पाहिली. आम्ही पोहोचलो पाचला दहा मिनिटं कमी असताना.

सव्वा तास हा आकडा खरा होता, पण ताई जे विचारत होती त्याचं ते उत्तर नव्हतं. आयुष्यभर अंतरं मोजून मी ते बरोबर सांगू शकलो नाही, म्हणून हे काम.

९ जानेवारी, गुरुवार

आधी बिंदू. कुठून कुठे मोजायचं हे ठरल्याशिवाय मोजणीची साखळी उलगडायची नाही, असं आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. विमानतळ चांगला दोन-तीन किलोमीटर लांब असतो. त्याचं एक टोक धरलं आणि दुसऱ्यानं दुसरं धरलं, तर आकडे तिथेच फाटतात. म्हणून प्रत्येक विमानतळाला एक संदर्भबिंदू ठरवून दिलेला असतो, बहुधा धावपट्टीच्या मध्याच्या आसपास, आणि अंतरं त्या बिंदूपासून मोजतात.

देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ, इंदूर: उत्तर २२ अंश ४३ मिनिटं १८ सेकंद, पूर्व ७५ अंश ४८ मिनिटं ०४ सेकंद.
पुणे, लोहगाव: उत्तर १८ अंश ३४ मिनिटं ५६ सेकंद, पूर्व ७३ अंश ५५ मिनिटं ११ सेकंद.

इंदूरचं रेखांश लिहिताना थांबलो. उज्जैनचंही जवळपास तेच. आपल्या जुन्या ज्योतिषांनी लंका–उज्जयिनी–कुरुक्षेत्र अशी मध्यरेखा मानली आणि देशांतर, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर, तिच्यापासून मोजलं. म्हणजे बिजासन टेकरीशेजारची आमची धावपट्टी त्या रेघेपासून दोन-तीन किलोमीटरवर आहे. जुन्या पद्धतीनं मोजणाऱ्यानं इंदूरचं देशांतर शून्यच धरलं असतं.

याच रेखांशातून आणखी एक हिशोब निघतो. एका अंशाला चार मिनिटं. इंदूरला सूर्य डोक्यावर आला की साडेसात मिनिटांनी पुण्याला येतो. घड्याळ दोन्हीकडे एकच, सूर्य मात्र साडेसात मिनिटं मागे. तक्त्यात याचा उपयोग नाही, वहीत राहू दे.

१२ जानेवारी, रविवार

शेजारची मुलगी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, ती लॅपटॉप घेऊन आली. हाताने लॉग टेबल वापरून इंदूर–पुणे अंतर मी एकदा काढलं होतं, ते तिला स्प्रेडशीटमध्ये घालायचं होतं. पहिला आकडा आला तो हजारो किलोमीटरचा. तिला वाटलं सूत्र चुकलं. सूत्र बरोबर होतं. स्प्रेडशीटला कोन रेडियन या मापात लागतो आणि आम्ही अंश दिले होते. रेडियन केल्यावर आलं ५४० किलोमीटर.

~~इंदूर–पुणे ५४० किमी~~

हे मान्य करावंसं वाटेना. माझ्या हातच्या हिशोबात ५०० आले होते. रात्री दोन्ही ओळी पुन्हा पाहिल्या. इंदूरचे अंश-मिनिटं-सेकंद मी दशांशात बदलून दिले होते, २२.७२१७. पुण्याचे तिनं वहीतून जसेच्या तसे घातले होते, १८ अंश ३४ मिनिटं ५६ सेकंद म्हणून १८.३४५६. एका अंशात साठ मिनिटं असतात, शंभर नाहीत. तेवढ्यानं चाळीस किलोमीटर वाढले.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तिळगूळ द्यायला आली आणि सोबत दुरुस्त केलेली शीट. "काका, आता जुळलं बघा! चारशे सत्त्याण्णव." चेहरा उजळलेला. मलाही बरं वाटलं, कारण पाचशेच्या इतक्या जवळ आकडा आल्यावर कोण शंका घेईल?

तरी सवयीप्रमाणे दोन्ही बिंदू नकाशावर टाकून पाहिले. इंदूरचा विमानतळ मांडवगडाच्या वाटेवर पडला. पुण्याचा पडला तोरण्याच्या वायव्येला, ऐन सह्याद्रीत, जिथे विमान सोडा, बैलगाडी उतरवायला सपाट जागा नाही.

तिनं दोन्ही ओळी सारख्या केल्या होत्या, पण चुकीच्या बाजूनं. आता इंदूरही २२.४३१८ झालं होतं. दोन्ही बिंदू जवळजवळ एकाच दिशेला सारखेच सरकले, म्हणून त्यांच्यामधलं अंतर फारसं बदललं नाही. पहिली चूक चाळीस किलोमीटरची होती म्हणून ओरडून सांगत होती. ही तीन किलोमीटरची, गप्प बसलेली. अशीच चूक धरणाच्या नकाशात राहिली तर पाट भलत्याच शेतातून जातो, आणि तसं झालेलं मी पाहिलेलं आहे.

तिला नकाशा दाखवला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे उत्तर बरोबर आलं तरी बिंदू बघायचे." वहीत तिच्याच हातानं लिहून घेतलं.

दशांशात बरोबर आकडे: इंदूर २२.७२१७, ७५.८०११. पुणे १८.५८२२, ७३.९१९७. अंतर ५००.२ किलोमीटर.

१९ जानेवारी, रविवार

पुण्याहून भाच्याचा फोन. त्याला शीट पाठवली होती. "मामा, पाचशे नाही, साडेचारशे अठ्ठ्याण्णव येतंय माझ्याकडे." ~~साडेचारशे अठ्ठ्याण्णव~~ चारशे साडेअठ्ठ्याण्णव. बोलताना तो अडखळला आणि मी ऐकलं तसं लिहिलं.

दोघांचंही बरोबर होतं. मी पृथ्वी गोल चेंडूसारखी धरली, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. त्याच्या प्रोग्रामनं ध्रुवांकडे किंचित चपटी पृथ्वी धरली, जशी ती आहे. आपल्या अक्षांशांवर दक्षिणोत्तर एक अंश साधारण ११०.७ किलोमीटर भरतो, चेंडूवर तो १११.२ भरतो. इंदूर–पुणे ही रेघ मुख्यतः दक्षिणोत्तर, चार अंशांहून थोडी जास्त, म्हणून पावणेदोन किलोमीटर कमी. नागपूरची रेघ पूर्वेकडे जाते, तिथे दोन्ही पद्धतींनी ३८१ येतात. मी मुद्दाम करून पाहिलं.

मध्य प्रदेशात राहून पृथ्वीच्या आकाराबद्दल बोलतो आहोत तर हेही लिहावं: भारताच्या जुन्या सगळ्या नकाशांचा मूळ बिंदू आमच्याच राज्यात आहे, सिरोंजजवळच्या कल्याणपूरला. जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० साली पृथ्वीचा जो आकार धरला, तो तिथे टेकवून देशभर त्रिकोणांची साखळी मोजली गेली. नोकरीतली माझी सगळी जुनी टोपोशीट त्या मापावर होती. आजचा जीपीएस दुसरा आकार धरतो, त्यामुळे जुन्या शीटवरचा बिंदू नव्या नकाशावर थोडा सरकलेला दिसतो. नव्या पोरांना वाटतं जुने लोक चुकले. चुकले नाहीत, त्यांची पृथ्वी वेगळी होती.

तक्त्यात घालायचं: पुणे ४९८, मुंबई ५०५, नागपूर ३८१, दिल्ली ६६१. मुंबई आणि पुणे यांत सातच किलोमीटरचा फरक. हे मंडळात सांगितलं तर दोघा-तिघांना पटलंच नाही. पुणे लांब, हे डोक्यात रेल्वेनं बसवलेलं आहे.

२६ जानेवारी, रविवार

आजचा दिवस नकाशावरच गेला, आणि छान गेला.

इंदूर आणि पुण्याच्या बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढली. दिशा २०३ अंश, म्हणजे दक्षिणेहून थोडी पश्चिमेकडे कललेली. ती खाली कुठे-कुठे जाते हे तालुक्यांच्या नकाशावर बघत उतरलो. नर्मदा ओलांडते ती महेश्वरच्या पश्चिमेला, तीन किलोमीटरवर. विमानतळाला जिचं नाव आहे तिच्याच राजधानीवरून पुण्याची रेघ जाते! यंदा अहिल्याबाईंच्या जन्माचं तीनशेवं वर्ष, ३१ मे १७२५ चा जन्म. मग सातपुडा. पुढे तापी. मग अंमळनेर, रेघेपासून दोनेक किलोमीटर पूर्वेला, जिथल्या शाळेत साने गुरुजी शिकवायचे. त्यानंतर मालेगाव उजवीकडे आणि चाळीसगाव डावीकडे ठेवत मोकळ्या मुलखातून गोदावरी, ती कोपरगावाशी. आणि लगेच शिर्डी, जवळजवळ डोक्यावरून.

नर्मदा, तापी, गोदावरी. आजोबा इंदुरात आले ते नदी नदी ओलांडत, बैलगाडी आणि आगगाडी मिळून, असं घरात सांगत. त्यांची वाट अर्थातच वेगळी होती. तरी तीच तीन नावं एका पट्टीच्या कडेवर आलेली बघून मी बायकोला हाक मारून दाखवलं.

रेल्वे मात्र या रेघेच्या जवळपासही जात नाही. इंदूर–पुणे गाडी आधी वर उज्जैनकडे, मग रतलाम, वडोदरा, सुरत, वसई, कल्याण असा सगळा गुजरात फिरून लोणावळ्याचा घाट चढते. दक्षिणेला जायचं म्हणून निघालेली गाडी पहिले काही तास उत्तरेला आणि पश्चिमेला जाते. इंदूर–मनमाड नवा मार्ग, ३०९ किलोमीटरचा, सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केला, खर्च १८,०३६ कोटी. तो झाला की पहिल्यांदाच रूळ आमच्या रेघेच्या आसपास येतील. बस आग्रा–मुंबई रस्त्यानं जाते, खलघाटला नर्मदा, सेंधव्याचा घाट, धुळे. ती रेघेला बरीचशी धरून आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

अंतर झालं, आता वेळ. इथे खरी मेहनत आहे.

शेजारच्या मुलीनं सरळ भागाकार केला. एअरबस ए-३२० वर गेल्यावर ताशी साधारण ८३० किलोमीटर जातं. ४९८ भागिले ८३०, छत्तीस मिनिटं. वेळापत्रकात मात्र सव्वा तास ते दीड तास. उरलेला वेळ कुठे जातो?

मी तिला असं समजावलं. विमान एकदम ८३० वर जात नाही. दहा हजार फुटांखाली वेग अडीचशे नॉटपर्यंत ठेवतात, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, आणि नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर, अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. ही कला आपलीच आहे, पंचांगातली.

उतरायला किती अंतर लागतं याचा वैमानिकांचा ठोकताळा आहे: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. ३३ हजार फुटांवर असलो आणि पुणे दोन हजार फुटांवर, तर ३१ गुणिले ३, म्हणजे ९३ नॉटिकल मैल, १७२ किलोमीटर आधीपासून उतरायला सुरुवात. चढायलाही जवळपास तेवढंच किंवा थोडं जास्त धरा. पाचशे किलोमीटरमधले साडेतीनशे चढण्या-उतरण्यात गेले. पूर्ण वेगानं सरळ जायला उरतात दीडशे किलोमीटर, अकरा मिनिटं. चहाची ट्रॉली शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायच्या आत पट्टे बांधायला सांगतात, ते यामुळेच.

मग दिशा. आमची धावपट्टी ०७-२५, म्हणजे तिची तोंडं ७० आणि २५० अंशांना. पुण्याची १०-२८. दोन्ही साधारण पूर्व-पश्चिम, आणि आमची वाट दक्षिणेची. पश्चिमेकडे तोंड करून उडालं तर डावीकडे ४७ अंश वळलं की पुण्याची वाट. पूर्वेकडे उडालं तर १३३ अंश वळावं लागतं. पुण्यालाही तसंच, सरळ येऊन उतरता येत नाही, बाजूनं फिरून धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं. शिवाय लोहगाव हा हवाईदलाचा तळ आहे, नागरी उड्डाणांना वेळा वाटून मिळतात.

आणि वेळापत्रकातली वेळ हवेतली नसतेच. चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पलीकडे ठोकळे लावेपर्यंतची असते, तिला ब्लॉक टाइम म्हणतात. जमिनीवरचं चालणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात धरलेलं.

सोपा नियम म्हणून पुष्कळ ठिकाणी ताशी ८०० किलोमीटर आणि वर अर्धा तास धरतात. त्यानं पुणे एक तास सात मिनिटं येतं. वाईट नाही. लांबच्या उड्डाणाला हाच अर्धा तास किरकोळ ठरतो, आमच्या पाचशे किलोमीटरला तो निम्म्याच्या घरात जातो.

९ फेब्रुवारी, रविवार

वारा. हिवाळ्यात वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. ६० नॉटचा पश्चिम वारा धरून कागदावर त्रिकोण काढला: पुण्याला जाताना त्यातले २३ नॉट समोरून येतात, परतताना तेवढेच पाठीमागून. एवढ्याशा वाटेवर जाण्यायेण्यात दोन-तीन मिनिटांचा फरक. मंडळातले एक गृहस्थ २०१९ मध्ये इंदूरहून दुबईला गेले होते, तेव्हा थेट विमान नुकतंच सुरू झालं होतं. त्या वाटेवर वारा थेट नाकावर असतो आणि अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर, तिथे हा फरक खूपच मोठा होतो. आम्हाला नको.

धुकं मात्र तक्त्यात हवं. इंदूरला स्वच्छ ऊन असताना पुण्याचं विमान तीन तास उशिरा, असं जानेवारीत का होतं? कारण तेच विमान सकाळी दिल्लीहून येणार असतं. तिथे धुक्यात अडकलं की आमच्या माथ्यावर उशीर. निघण्याआधी आपलं विमान आत्ता कुठे आहे ते बघायचं, ही ओळ तक्त्यात ठळक घालायची.

२२ फेब्रुवारी, शनिवार, पुणे

भाच्याच्या मुलीचं उद्या बारसं. आम्ही दोघं आलो. वही आणि घड्याळ हातात, बायकोनं काही म्हटलं नाही.

लोकमान्य नगरातून दार बंद केलं ९.००. एरोड्रम रोडनं विमानतळावर ९.३२. सामान दिलं ९.५०. तपासणी पार १०.०५. विमानात पाऊल ११.०८. दार बंद ११.३१. ठोकळे निघाले ११.३८. चाकं सुटली ११.४९. चाकं टेकली १२.३९. विमान थांबलं १२.४६. सामान हाती १.०८. बाहेर १.१५. कोथरूडला ताईच्या दारात २.२५.

हवेत पन्नास मिनिटं. ठोकळे ते ठोकळे अडुसष्ट. दारापासून दारापर्यंत पाच तास पंचवीस मिनिटं.

खिडकी डावीकडची घेतली होती, कारण रेघेप्रमाणे महेश्वर डावीकडे यायला हवं. फोन विमान मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतो, काचेला टेकवून धरला. नर्मदा ११.५८ ला आली, उडाल्यापासून नऊ मिनिटांनी. वाड्याचा घाट इतक्या उंचीवरून ओळखू येत नाही, पण पात्रातला खडकाळ पट्टा दिसला, पाणी फुटून पांढरं झालेलं. तीच सहस्रधारा असं मी मानलं. मग सातपुड्याच्या घड्या, मग खानदेशची सपाटी.

फोननं आखलेली वाट ५४८ किलोमीटर भरली. सरळ रेघेपेक्षा पन्नास जास्त, वळणांत आणि शेवटच्या फेऱ्यात गेलेले.

२३ फेब्रुवारी, रविवार, पुणे

बारसं झालं. पाहुणे गेल्यावर ताई स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. वहीतलं कालचं पान तिच्यासमोर ठेवलं. तिनं ओल्या बोटानं एकेक ओळ वाचली. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "दादा, मी तेव्हा तुला परत विचारायला हवं होतं, घरून निघून किती."

मी म्हटलं, "तू बरोबर विचारलं होतंस. मी विमानाचं सांगितलं."

तिनं भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं, शेवटच्या पानामागे, जिथे दूधवाला आणि गॅसचे नंबर लिहिलेले आहेत, तिथे लिहिलं: इंदूर, निघाल्यापासून साडेपाच तास, उशीर वेगळा. परत खिळ्याला लावलं.

आत्याच्या खोलीत आता पाळणा आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

परत. हवेत ४७ मिनिटं, वाट ५३१ किलोमीटर. दारापासून दारापर्यंत पाच तास पाच मिनिटं. इंदूरला सामान लवकर आलं आणि रस्ता मोकळा होता.

९ मार्च, रविवार

वाचनालयात गेला महिनाभर एक डबा ठेवला होता. जो कोणी जाऊन येईल त्यानं चिठ्ठीवर चार वेळा लिहायच्या: घर सोडलं, विमान उडालं, विमान टेकलं, घर गाठलं. सगळ्यांनी पूर्ण लिहिल्या असं नाही. एका काकूंनी फक्त "खूप वेळ लागला" लिहिलं, तीही फाइलला लावली.

पुण्याच्या चिठ्ठ्या वाचून जे दिसलं ते असं. हवेतली वेळ सगळ्यांची पंचेचाळीस ते पंचावन्न मिनिटांत. ती जवळजवळ हलतच नाही. हलते ती पुण्यातली शेवटची तुकडी. लोहगावहून विमाननगरला उतरणारा वीस मिनिटांत घरी, सिंहगड रस्त्यावरचा संध्याकाळी दीड तास रिक्षात. म्हणून पुण्याचे दोन आकडे द्यायचे: नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे. पाच तास, साडेपाच तास.

इंदूरकडची तुकडी सगळ्यांची सारखी, कारण काउंटर तासभर आधी बंद होतं आणि आमचे लोक दोन तास आधी पोहोचतात. हा वेळ कमी करा असं मी तक्त्यात लिहिणार नाही. वयस्क माणसाला खुर्चीत बसून वाट पाहणं परवडतं, धावणं परवडत नाही.

रात्रीची बस बारा ते चौदा तास, पण बसायचं घराजवळ आणि उतरायचं घराजवळ. बसचं आणि विमानाचं खरं अंतर आठ तासांच्या आसपास आहे, बारा तासांचं नाही. ज्यांना भाड्याचा विचार करावा लागतो त्यांना हे नीट कळायला हवं.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी

आज गेर, रंगपंचमीची मिरवणूक. राजवाड्याकडचे रस्ते सकाळपासून बंद, टँकरनं रंग उडतो आहे, गच्चीवर उभं राहिलं तरी गुलाल येतो. मंडळातल्या एका कुटुंबाचं दुपारचं विमान होतं, त्यांचं घर आतल्या गल्लीत. ते पहाटेच बायपासकडच्या मुलीकडे जाऊन बसले आणि तिथून निघाले. त्यांची चिठ्ठी आली की वेगळी ठेवायची. तक्त्यात एक ओळ: रंगपंचमी आणि अनंत चतुर्दशीला शहरातून निघायला दीड तास जास्त धरा.

२९ मार्च, शनिवार

तक्ता लिहून झाला. पांढरा कार्डबोर्ड, निळी शाई, शेवटचा रकाना लाल. शेजारची मुलगी म्हणाली छापून आणू. मी हातानंच लिहिला, आकडा बदलला तर रेघ मारून शेजारी लिहिता येतो.

विमानांच्या वेळा घातल्याच नाहीत. उद्यापासून उन्हाळी वेळापत्रक लागतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी लागतं तसं, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा हिवाळी. उडण्याची वेळ वर्षात दोनदा बदलते. पाचशे किलोमीटर आणि साडेपाच तास बदलत नाहीत.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

मंडळाच्या गुढीनंतर तक्ता लावला. मुलीनं खिळे ठोकले. तिनं खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं आत्ता दिसलं: बिंदू नकाशावर तपासले.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

सकाळी साडेसातला फोन. मागच्या गल्लीतले एक जण, त्यांचे मोठे भाऊ पुण्याला रात्री गेले. दुपारचं तिकीट मिळालं आहे, तिकडे काय सांगू, असं विचारत होते. विमान बारा चाळीसचं. मी म्हटलं, घरून दहाला निघा, तिकडे कोथरूडला साडेतीनच्या आत पोहोचणार नाही असं सांगा, आणि पाचच्या आधी काही ठरवू नका म्हणावं. त्यांनी लगेच तिकडे फोन लावला आणि तसंच सांगितलं.

संध्याकाळी सहाला त्यांचा निरोप आला, चार वाजता पोहोचले.

दुपारी वाचनालयात जाऊन तक्त्यावर मुंबईच्या ओळीखाली पेन्सिलीनं एक रिकामी ओळ आखली. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला की भरायची. अंतर काढून ठेवलं आहे, ५०१. बाकीचे रकाने चिठ्ठ्या आल्यावर.